रडकीची ओळ

सोमवार, १ सप्टेंबर

सरांनी कपाट आवरताना एक कोरं रजिस्टर माझ्या टेबलावर ठेवलं. "जुन्या पद्धतीचं आहे. आता कुणी वापरणार नाही. तू लिही काहीतरी." ते डिसेंबरअखेर निवृत्त होतात, म्हणून रोज एक कप्पा रिकामा करतात. रजिस्टरला चार रकाने आहेत: वेळ, सामू, तापमान, शेरा. मी रकाने ओलांडून लिहिते आहे.

आमचं काम सांगायला सोपं आहे. आंबट जमिनीत मातीतलं ॲल्युमिनियम पाण्यात सुटतं आणि मुळांची टोकं मारतं. मूळ आखूड, जाड, ठिसूळ होतं. मग खाली ओल असून पोचता येत नाही, शेजारी स्फुरद असून उचलता येत नाही. वरून पाहणारा म्हणतो, खत कमी पडलं. अशा जमिनीत टिकेल असा गहू आम्ही शोधतो. म्हणजे सर शोधतात, चौदा वर्षं. मी ट्रे सांभाळते, नऊ वर्षं. मागे सगळे त्यांना मूळपुरुष म्हणतात. त्यांना ते माहीत आहे.

ट्रेमध्ये ॲल्युमिनियम घातलेलं पाणी, त्यावर जाळी, जाळीवर गव्हाचे कोंब. पाणी किती आंबट ते सामू सांगतो. आकडा जितका कमी तितका आंबटपणा जास्त. आम्हाला ४.३ लागतो. रोपं अन्न घेतात तसा तो आपोआप वर चढतो. पाचाच्या पुढे गेला की ॲल्युमिनियम गोठून तळाशी बसतं, पाण्यातलं विष उतरतं, आणि मग कुठलाही गहू पैलवान दिसतो. म्हणून सकाळ-संध्याकाळ, सुट्टीच्या दिवशीसुद्धा, सामू मोजायचा आणि थेंबाथेंबाने आम्ल घालून तो खाली आणायचा.

शिवाय प्रत्येक ट्रेमध्ये एक ओळ रडकीची. हा एक जुना वाण, ॲल्युमिनियमच्या नुसत्या नावाने मान टाकणारा. रडकी रडली म्हणजे पाणी बरोबर. रडकी हसली की ट्रे मोरीत ओतायचा आणि पहिल्यापासून सुरुवात. सर म्हणतात, पाण्याला साक्षीदार हवा.

अकरा नंबरचा वाण जुलैत पास झाला. नोव्हेंबरात तो पाच शेतांवर पेरायचा आहे. त्यातलं एक शेत ताईचं.

बाबाही जुलैतच गेले.

गुरुवार, ४ सप्टेंबर

सर जुलैचं रजिस्टर चाळत होते. एका पानावर थांबले.

"या पानावरचे आकडे फार शिस्तीत आहेत."

"थँक यू, सर."

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. मग शेऱ्याच्या रकान्यावर बोट ठेवलं. "रडकीला बुरशी लागली, काढली. फक्त रडकीलाच लागली?"

"हो."

"बिचारी. तिचं नशीबच तसं."

सर कुणाचं सहसा कौतुक करत नाहीत. तरी मी जेवणाचा डबा न उघडता तसाच परत आणला.

रविवार, ७ सप्टेंबर

ताईकडे गेले. दाजींनी वरच्या शेतात नेलं. दोन वर्षं पडीक होतं. उन्हाळाभर त्यांनी एकट्याने दगड वेचले, बांधाला रचले. कमरेला पट्टा बांधून फिरतात. त्यांनी मला दाखवायला म्हणून एक खड्डा खणून ठेवला होता. वीतभर काळी माती, खाली पिवळट. गवताची मुळं त्या पिवळ्या रेषेपर्यंत येऊन आडवी वळलेली.

"हे शेत म्हणजे सासू आहे," दाजी म्हणाले. "कितीही घाला, तोंड आंबटच."

"माझी की तुमची?" ताईने मागून विचारलं.

"मी कुणाचं नाव घेतलं का? चुना घालून बघितला. वरचं तोंड गोड झालं, पोट तसंच." माझ्याकडे वळून म्हणाले, "आता तुमचा अकरा नंबरच हिला सरळ करणार, मेव्हणीबाई. बाबांना बघायला आला नाहीत तुम्ही, त्या मुळांपाशी बसलात. असं कोण करतं? मी सगळ्यांना सांगतो. बी असं निघतं."

ताई खड्ड्याच्या कडेची माती पायाने आत ढकलत होती.

ताईच्या घरी बाबांची खाट अजून तशीच आहे. गादी गुंडाळून ठेवली आहे. मी पलीकडच्या खुर्चीवर बसले.

बुधवार, १० सप्टेंबर

आज लिहून टाकते.

शुक्रवारी, ११ जुलैला संध्याकाळी ताईचा फोन आला. "बाबा तुझं नाव घेतायत. माझा आठवडा झाला नीट पाठ टेकून. दोन दिवस ये."

मी म्हटलं, "ट्रे आहेत गं. सकाळ-संध्याकाळ सामू बघावा लागतो. दुसरं कुणी नाही."

दुसरं कुणी म्हणजे सर होतेच. त्यांना सांगितलं असतं तर ते स्वतः आले असते, वर मला स्टँडपर्यंत सोडलं असतं. सांगितलं असतं तर मला जावं लागलं असतं. बाबांना कुशीवर वळवावं लागायचं, पुसावं लागायचं. आदल्या खेपेला मी ते केलं तेव्हा त्यांनी डोळे मिटून घेतले होते. मीसुद्धा.

बरं, मग शनिवारी निदान प्रयोगशाळेत जायला हवं होतं. गेले असते तर थाप खरी झाली असती. तेवढंही उठवलं नाही. खोलीत पडून राहिले. शनिवारी आणि रविवारी. दोन्ही दिवस दोन्ही वेळा व्यवस्थित जेवले. हेही लिहून ठेवते.

सोमवारी आठला पोचले. वॉचमन म्हणाला, "शनिवारी आत फोन वाजत होता, मॅडम. दोनदा. दुसऱ्यांदा मी जाऊन उचलला."

"काचसामानवाला असेल. तो कधीही करतो."

"बाईमाणूस होतं."

त्यांच्याकडे हल्ली हिशेबाला एक मुलगी आहे. मी आत गेले.

ट्रेमधलं पाणी दुधाळ झालं होतं. सामू ५.६. त्या ट्रेमध्ये दोनच वाण होते, अकरा आणि रडकी. जाळी उचलली. रडकीची मुळं लांब, पांढरी, विंचरल्यासारखी सरळ. नऊ वर्षांत तिला अशी कधी पाहिली नव्हती.

ट्रे मोरीवर नेला. कलता केला. तेवढ्यात फोन वाजला. ताई म्हणाली, "बाबा गेले. सहा वाजता."

ट्रे परत जागेवर ठेवला. सामू ४.३ वर आणला. रडकीची ओळ उपटून टोपलीत टाकली. रजिस्टरात शनिवार सकाळ, शनिवार संध्याकाळ, रविवार सकाळ, रविवार संध्याकाळ, चार वेळा ४.३ लिहिलं. अक्षर चांगलं आलं आहे. मग सरांना सांगून निघाले. दुपारी त्यांनी स्वतः अकराची मुळं मोजली. इतकी लांब मुळं त्यांनी चौदा वर्षांत पाहिली नव्हती.

आंबट पाणी म्हणून लिहिलेलं ते पाणी आंबट नव्हतंच. अकरा टिकाऊ आहे की नाही, हे कुणालाच माहीत नाही. फक्त मला माहीत आहे की माहीत नाही.

सरांना सांगायचं तर तेवढंच सांगून भागणार नाही. ते विचारतील, मग तू होतीस कुठे?

सोमवार, २२ सप्टेंबर

बियाणाची पोती भरली. पाच. सर सुतळी ओवत होते, मी चिठ्ठ्या लावत होते.

"तुला काही सांगायचंय का?" त्यांनी मान वर न करता विचारलं.

चोराच्या मनात चांदणं. मी घाईघाईने म्हटलं, "पुढच्या सोमवारी रजा हवी होती, सर."

त्यांनी सुतळीची गाठ मारली. "घे," म्हणाले. "रजेला कधी नाही म्हटलंय मी?"

रजेचं मला काहीच काम नाही. आता ती घ्यावी लागणार.

शनिवार, २७ सप्टेंबर

सर म्हणाले, "चार पोती मी पोचवतो. पाचवं तू ने, संस्थेची गाडी घे. घरचंच शेत आहे. नेण्याआधी एकदा नीट बघ."

मी पोतं सोडून बघितलं. दाणा टपोरा आहे. कीड नाही. तसं त्यांना सांगितलं.

"कीड नाही ना? बरं," ते म्हणाले आणि खोलीत जाऊन दार लावून घेतलं. निवृत्ती जवळ आली की माणसं तुटक होतात म्हणे.

रविवार, २८ सप्टेंबर

पोतं दिलं. दाजींनी ते अंगणात न ठेवता आत नेलं, बाबांच्या खाटेखाली सरकवलं. "उंदीर लागायला नकोत."

रस्त्यात दोनदा गाडी थांबवायला सांगावंसं वाटलं. ड्रायव्हर त्याच्या मुलीच्या परीक्षेबद्दल बोलत होता. त्याचं वाक्य संपू दे, मग सांगू, असं म्हणत राहिले. त्याचं वाक्य घरापर्यंत संपलं नाही. हे ड्रायव्हरवर ढकलते आहे, कळतंय मला.

ताईने विचारलं, "तू स्वतः बघितलंस ना हे बी?"

"हो. कीड नाही."

"कीड नाही," ती म्हणाली. सरांनी म्हटलं होतं अगदी तसंच.

सोमवार, ६ ऑक्टोबर

सरांच्या खोलीत गेले. ठरवून. ते एक जुना फोटो पुसत होते: ते, काळे केस, हातात रोप, रोपाला इवलीशी मुळं.

"हा चार नंबर," म्हणाले. "याच्यावर तीन वर्षं गेली. शेतात पडला. सहा नंबर, पडला. नऊ, तोही. लोक विचारतात वाईट वाटतं का. पडण्याचं नाही वाटत. पडणार हे आधी कळलं असतं आणि कुणी सांगितलं नसतं, तर वाटलं असतं."

"खरं आहे, सर," मी म्हटलं आणि चहाचं विचारून बाहेर आले.

दुपारी माझ्या टेबलावर दोन लिफाफे होते. एकावर अकरा, एकावर रडकी. आत मोजून चाळीस-चाळीस दाणे. सरांचा आवरण्याचा सपाटा चालूच आहे, उरलंसुरलं सगळं माझ्या टेबलावर येतं. ड्रॉवरमध्ये टाकले.

रविवार, २ नोव्हेंबर

ताईचा फोन. "उद्या पेरतायत. येतेस?"

"कसं येऊ? ट्रे आहेत."

"आज रविवार आहे. आजही गेली होतीस?"

"हो."

मागे दाजींच्या खोकल्याचा आवाज येत होता. मग ती म्हणाली, "जेवून घे वेळेवर," आणि फोन ठेवला.

सध्या एकही ट्रे चालू नाही.

आताच सांगता आलं असतं. दोन शब्द. पेरू नका.

सोमवार, ३ नोव्हेंबर

पेरलं. दाजींनी फोटो पाठवला. सरी सरळ आहेत. फोटोच्या कडेला ताईची सावली आली आहे, ती स्वतः नाही.

बुधवार, ५ नोव्हेंबर

ड्रॉवर उघडला. दोन्ही लिफाफ्यांतले दाणे भिजत घातले. सरांना विचारलं नाही. त्यांनी भिजलेले दाणे पाहिले, त्यांनीही विचारलं नाही. फक्त सामू मोजायचं यंत्र जुळवायच्या द्रावणाची नवी बाटली माझ्या टेबलावर आणून ठेवली.

शनिवार, ८ नोव्हेंबर

सकाळी ७.१०: ४.५, खाली आणला. संध्याकाळी ६: ४.६, खाली आणला.

वॉचमन म्हणाला, "शनिवारी? तब्येत बरी आहे ना, मॅडम?"

रविवार, ९ नोव्हेंबर

सकाळी ७: ४.४. संध्याकाळी ६.२०: ४.७. खरे आकडे किती ओबडधोबड असतात. एकसारखे दोन येत नाहीत.

सोमवार, १० नोव्हेंबर

मुळं धुऊन जांभळ्या रंगात पंधरा मिनिटं बुडवली. जिथे ॲल्युमिनियम आत शिरलं आहे तिथे रंग चढतो. टिकाऊ वाणाचं टोक पांढरं राहतं.

रडकी: टोकं गडद जांभळी. पाणी बरोबर होतं.

अकरा: टोकं जांभळी. म्हणायला थोडी फिकी. चाळीसपैकी पांढरं टोक एकही नाही.

मुळं पुन्हा एकदा धुतली. रंग धुण्याने जात नाही, हे मला माहीत आहे.

मंगळवार, ११ नोव्हेंबर

ट्रे तसाच उचलून सरांच्या टेबलावर ठेवला आणि सगळं सांगितलं. शुक्रवारपासून सोमवारपर्यंत. जेवले होते, तेसुद्धा.

सरांनी भिंग काढलं. एकेक मूळ पाहिलं. घाई केली नाही. शेवटी म्हणाले, "नऊ नंबरपेक्षा बरा होता. थोडासा."

"सर, बाकीच्या चार शेतांवर कळवायला हवं."

"चार पोती मागच्या खोलीत आहेत. कुठेही गेली नाहीत."

मला कळेना.

"तू त्या दिवशी गेलीस, आणि मी टोपलीत बघितलं. बुरशी कसली ते बघावं म्हणून. रडकीची मुळं वीतभर. बुरशीचा ठिपका नाही."

"तेव्हापासून तुम्हाला..."

"वडील गेलेल्या मुलीला काय विचारणार? मग चार दिवस गेले, आठ गेले. जितके दिवस जातात तितकं विचारणं अवघड होतं. तुला ते मी कशाला सांगू?" त्यांनी भिंग पुसलं. "पाचवं पोतं मुद्दाम तुझ्या हाती दिलं. वाटलं, सख्ख्या बहिणीच्या शेतात तू ते नेणार नाहीस. तुझी परीक्षा बघितली. शेत मात्र दुसऱ्याचं वापरलं. ती माझी चूक, ती तुझ्या खात्यात लिहू नकोस."

मी उभीच होते. ते म्हणाले, "शनिवारी जा. दिवस अजून हातात आहेत. त्या जमिनीत चाऱ्याचा ओट येईल, तो आंबटाला दाद देत नाही. आणि हे माझ्या नावावर सांगू नकोस. स्वतःच्या तोंडाने सांग."

शनिवार, १५ नोव्हेंबर

वरचं शेत हिरवं झालं आहे. बोटभर, सारखं, देखणं. दाजी बांधावर उकिडवे बसून बघत होते. "बघा, सासूबाई हसल्या!"

मी म्हटलं, "दाजी, हे मोडावं लागेल."

तिथेच उभ्याने सांगितलं. ताई खालून पाण्याची कळशी घेऊन येत होती, तिने अर्ध्यातून ऐकलं. मूळ अजून पिवळ्या मातीपर्यंत गेलं नाही म्हणून हिरवं दिसतंय, पुढे पानं जांभळट पडतील, पाण्याचा ताण आला की बसेल, हे सांगितलं. मग रजिस्टरचं सांगितलं. मग त्या दोन दिवसांचं.

दाजींनी एक रोप उपटलं. मुळाची माती झटकून ते डोळ्यांजवळ नेलं, जणू आताच दिसेल.

"म्हणजे तुम्ही तिथेही नव्हता," ते म्हणाले.

"नाही."

"मी लोकांना सांगत फिरलो." त्यांनी कमरेचा पट्टा सोडला, परत बांधला, आणि नांगरणीचं बघायला खाली गेले. मला हाक मारली नाही. मेव्हणीबाई म्हणाले नाहीत.

ताईने कळशी ठेवली.

"शनिवारी मी प्रयोगशाळेत फोन केला होता," ती म्हणाली. "दोनदा. वॉचमन म्हणाला, कुणी आलं नाही."

काचसामानवाल्याची मुलगी. मी चार महिने तिच्यावर निभावलं.

"मग तू बोलली का नाहीस?"

"काय बोलायचं? बाबांना म्हटलं, ती मुळांना पाणी पाजतेय, येईल. ते हसले. म्हणाले, तिला म्हणावं सावकाश ये." ताई कळशीच्या काठावरून बोट फिरवत होती. "मी एकदा तसं बोलून बसले, मग मला ते खरंच ठेवावं लागलं."

"पण पेरताना तरी दाजींना अडवायचंस."

"अडवलं असतं तर कारण सांगावं लागलं असतं. मी वाट बघत होते. पोतं आणलंस तेव्हा विचारलं. पेरणीच्या आदल्या दिवशी फोन केला. आणखी किती विचारायचं गं माणसाला?"

मला रडू आलं नाही. ती मात्र रडली, जमिनीकडे बघत, चिडल्यासारखी. मग नाक पुसून म्हणाली, "चल, खाटेखालचं रिकामं पोतं काढ. ओटाचं बी आणायला लागेल."

रविवार, १६ नोव्हेंबर

शेत मोडलं. मी मागून ढेकळं फोडत होते. हाताला फोड आले. दाजी दुपारपर्यंत बोलले नाहीत. शेवटच्या तासाला बांधाकडेची एक ओळ उरली तेव्हा त्यांनी नांगर उचलला.

"ही राहू दे."

"कशाला?" ताईने विचारलं.

"तुमच्यात ती एक असते ना? रडणारी. पाणी खरं आहे का ते सांगायला." माझ्याकडे न बघता म्हणाले. "आमच्या शेतातही एक असू दे."

सोमवार, १७ नोव्हेंबर

सर जुलैचं रजिस्टर उघडून बसले होते. आमच्याकडे नियम आहे: चुकीची नोंद खरवडायची नाही, तिच्यावर पांढरं फासायचं नाही. एकच सरळ रेघ मारायची, जुना आकडा खालून वाचता आला पाहिजे. शेजारी खरं लिहायचं, तारीख आणि सही.

चार ४.३ वर चार रेघा मारल्या. शेऱ्याचा रकाना दोन बोटं रुंद आहे. "कारण लिहू का?" मी विचारलं.

"मावेल तेवढं."

शनिवारसमोर लिहिलं: मोजला नाही, खोलीवर होते. रविवारसमोर: मोजला नाही, खोलीवर होते. सोमवारच्या बुरशीवर रेघ मारली. तिथे जागा उरली नव्हती, म्हणून समासात आडवं लिहिलं: सामू ५.६. रडकी हसत होती.

सरांनी वाचलं आणि साक्षीदार म्हणून खाली सही केली.